आयोडीनच्या आधी टेल्युरिअम

लेकाचं लग्न झाल्यापासून वर्षभर मी माझ्या घरात दुभाष्याचं काम केलं. फुकट. एका बाजूला माझे यजमान, दुसऱ्या बाजूला माझी सून, मध्ये मी. तिघेही एकाच ओट्यावर, सात-आठ हातांच्या अंतरात. हे म्हणायचे, "तिला विचार, चहात साखर कमी का?" ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून मला म्हणायची, "आई, सांगा ना, डबा संपला होता." मग मी ह्यांच्याकडे वळून सांगायची, डबा संपला होता. ह्यांचे कान चांगले शाबूत, तिचा आवाज चांगला खणखणीत, पण निरोप माझ्या तोंडून गेल्याशिवाय पोचला असं धरायचं नाही.

तापीकाठच्या आमच्या गुजर घरांमध्ये ही चाल होती, आता बहुतेक घरांतून गेली. सून सासऱ्याची लाज काढते, म्हणजे पदर पुढे घेते, समोर बसत नाही आणि थेट बोलत नाही. सासराही तिला हाक मारत नाही. आमच्या घरी कोणी तिला सक्ती केली नव्हती हो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने पदर घेतला, कारण मी घ्यायची असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ह्यांनी तोंड फिरवलं, कारण त्यांच्या वडिलांनी फिरवलं होतं. आणि मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी बाई नाही, गावात कोणालाही विचारा.

सून नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटची. रसायनशास्त्रात एम.एस्सी., वर बी.एड. माझा मुलगा शहाद्याला बँकेत, सकाळी मोटरसायकलवर जातो आणि दिवेलागणीला येतो. सुनेलाही नोकरी करायची होती आणि त्याला आमच्या घरात कोणाची ना नव्हती. ह्यांनी तर माझ्यामार्फत तीनदा विचारलं होतं, "तिला विचार, अर्ज भरला का?"

पहिली मुलाखत नंदुरबारला झाली. तिथून आली ती सरळ मागच्या दारी जाऊन बसली. मी मिरच्यांचे देठ खुडत होते. ती पण समोर बसली आणि मुकाट देठ खुडायला लागली. अर्धा ढीग संपल्यावर म्हणाली, "आई, मी आज मोठा घोळ घातला."

झालं होतं असं. समोर पाच पुरुष बसलेले, सगळे ह्यांच्या वयाचे, दोघांच्या डोक्यावर टोपी. मुख्याध्यापकांनी प्रश्न विचारला. हिला उत्तर येत होतं. पण हिचा हात आपोआप पदराकडे गेला, मान खाली गेली, आणि तेवढ्यात शिपाईबाई पाण्याचे ग्लास घेऊन आत आल्या. तर हिने सगळं उत्तर त्या शिपाईबाईंना दिलं! त्यांच्याकडे तोंड करून, अगदी सविस्तर, उदाहरणासकट. त्या बिचाऱ्या ट्रे धरून उभ्या. पाचही साहेब एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या प्रश्नाला शिपाईबाई निघून गेल्या होत्या, म्हणून हिच्या तोंडून शब्दच निघाला नाही.

मी आधी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. तीही हसली. मग हसता हसता ती रडायला लागली. कॉलेजात ही मुलगी वादविवादात बक्षिसं मिळवायची. लग्नाआधी आम्ही बघायला गेलो तेव्हा तिच्या आईने कौतुकाने तक्रार केली होती की हिचं तोंड बंद होत नाही. ते तोंड माझ्या घरात एका वर्षात बंद झालं होतं. मोठ्या माणसापुढे आवाज गिळायची तिला सवय लागली, ती माझ्या ओट्यावर लागली. मला माझाच इतका राग आला की मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी मी उठले नाही.

महिनाभराने म्हसावदकडच्या एका शाळेतून बोलावणं आलं. पंधरा दिवसांनी मुलाखत, आणि त्याआधी दहावीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा. विषय त्यांनीच ठरवून दिला होता : मूलद्रव्यांचं अणुवस्तुमान आणि त्यांचे गुणधर्म. पत्र वाचून सून म्हणाली, "आई, मी जात नाही. पुन्हा तसंच होईल."

"कसं होतं तेच बघते," मी म्हटलं. "आजपासून रोज संध्याकाळी ओट्यावर पाठ घ्यायचा. मी विद्यार्थी."

"ह्यांच्यासमोर घेते ना," ती म्हणाली. ह्यांच्या म्हणजे माझ्या मुलाच्या. तिने एकदा घेऊन पाहिला. तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत "वा, छान, फारच छान" म्हणत राहिला. नवीन नवरा, त्याचा काय उपयोग! मी त्याला आत पिटाळला.

पहिल्या संध्याकाळी तिने लग्नपत्रिका काढल्या. तिच्याच लग्नाच्या, उरलेल्या, मागची बाजू कोरी. कात्रीने पत्त्यांएवढे तुकडे केले, एकेका तुकड्यावर एकेक मूलद्रव्य आणि त्याच्याखाली एक आकडा. मी नववीपर्यंत शिकलेली. मूलद्रव्य म्हणजे ज्याची फोड करून दुसरा पदार्थ निघत नाही, एवढं आठवत होतं. आकडा कसला ते विसरले होते.

"हे वजन," ती म्हणाली. "एका कणाचं. कण इतका बारीक की काट्यावर ठेवता येत नाही, म्हणून एकमेकांशी तुलना करायची. सगळ्यात हलका हायड्रोजन, त्याला एक धरलं. त्याच्या सोळा पट भरतो तो ऑक्सिजन. म्हणून सोळा."

ह्यांचा झोपाळा ओट्याच्या टोकाला आहे, तोंड रस्त्याकडे. हे तिथे आमच्याकडे पाठ करून झोके घेत बसलेले. कडी करकर करत होती.

तिने माझ्यासमोर तीन तुकडे मांडले. लिथिअम सात, सोडिअम तेवीस, पोटॅशिअम एकोणचाळीस. म्हणाली, "तिन्ही एका घरातले. तिन्ही धातू, पण इतके मऊ की सुरीने कापले जातात. तिन्ही पाण्यात टाकले की गडबड करतात. आता आई, पहिल्याचं आणि तिसऱ्याचं वजन मिळवा."

"सात आणि एकोणचाळीस, सेहेचाळीस."

"निम्मं करा."

मी निम्मं केलं. तेवीस आले. मधल्या तुकड्यावर तेवीसच लिहिलेले! अगं बाई, मला काय वाटलं म्हणून सांगू! अंगावर काटाच आला. मी पुन्हा बेरीज केली, बोटांवर केली, पुन्हा तेवीस. कोणी मुद्दाम जुळवल्याशिवाय असं कसं जुळेल? मी म्हटलं, "तू बदलून लिहिलंस." ती म्हणाली, "पुस्तकात बघा." पुस्तकात पण तेवीस. मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारीण तिच्या दारातून डोकावली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की करकर थांबली आहे.

झोपाळा थांबलेला. पाठ आमच्याकडेच, पण मान किंचित कललेली. मग हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिले इचार, हाई पोटॅशिअम म्हंजे आपलं पोटॅशच शे का? केळीले देतस ते?"

आमच्या घरात अहिराणी आणि गुजराती एकत्र कालवून बोलतात. पुढचं मी बरंचसं मराठीतच लिहिते, नाहीतर तुम्हालाही दुभाषी लागेल. मी सुनेला विचारलं. ती मला म्हणाली, "हो, सांगा, तेच. पण पोत्यात ते एकटं नसतं, क्लोरीनशी जोडलेलं असतं. एकटं असतं तर पाणी लागल्यावर पोतं पेटलं असतं." मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पायाने झोपाळ्याला एक झोका दिला. मग म्हणाले, "तिला विचार, त्या तिघांत पाण्यात जास्त गडबड कोण करतं?"

"वजन वाढेल तशी गडबड वाढते," ती मला म्हणाली. "लिथिअम नुसतं फसफसतं, सोडिअम पाण्यावर सैरावैरा धावतं, पोटॅशिअम पेट घेतं."

मी ह्यांना सांगितलं, "जेवढं वजनदार, तेवढं तापट."

"तिला सांग," हे म्हणाले, "मला पटलं. माझ्या घरात उदाहरण आहे."

सुनेने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलत होते. मेल्या त्या लिथिअम-सोडिअमने माझी अब्रू घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने माझी बाजू सावरली. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन मांडले आणि म्हणाली, "ह्या घरात उलटं आहे. हलका तो भडक, जड तो शांत." मी ते ह्यांना दोनदा ऐकवलं. माझे यजमान काडीएवढे आहेत.

रोज संध्याकाळी असं चाललं. चार दिवसांत ओट्यावर पत्रिकांचे तुकडे मावेनात. कोणाशीच न जुळणारे काही वायू बाजूला ठेवून तिने बाकीचे सगळे वजनाच्या क्रमाने एका ओळीत लावले. लिथिअमपासून मोजत गेलं की सात जण वेगवेगळ्या स्वभावाचे येतात आणि आठवा पुन्हा पहिल्याच्या स्वभावाचा. मग तिने ओळ तोडली आणि आठवा पहिल्याच्या खाली ठेवला. नववा दुसऱ्याच्या खाली. बघता बघता उभी घरं तयार झाली. मला हे भारी आवडलं. नुसता वजनाचा क्रम लावला आणि भाऊ भावाच्या खाली आपणहून जाऊन बसला.

तिने मला सांगितलं, दीडशे वर्षांपूर्वी रशियात एका मास्तरांनी असेच तुकडे मांडले होते. मांडता मांडता ते जस्तापर्यंत आले. जस्ताचं वजन पासष्ट, आणि त्यानंतर माहीत असलेलं सगळ्यात हलकं म्हणजे आर्सेनिक, पंच्याहत्तर. क्रमाने ठेवलं तर आर्सेनिक ॲल्युमिनिअमच्या घरात जातं. पण त्याचा स्वभाव फॉस्फरसचा. मास्तरांनी काय केलं? दोन जागा रिकाम्या सोडल्या आणि आर्सेनिक फॉस्फरसच्या खाली ठेवलं. म्हणाले, ह्या जागांवरचे अजून सापडायचे आहेत. त्यांची वजनं साधारण अमुक असतील आणि ते असे असे वागतील. लोक हसले. पुढे दोन्ही सापडले, आणि बरेचसे तसेच निघाले.

"तिले इचार," झोपाळ्यावरून आवाज आला, "मास्तर जिता व्हता का सापडनात तवय?"

"होते जिवंत, सांगा," सून म्हणाली.

"मंग बरं," हे म्हणाले. त्यांना त्या रशियन मास्तरांची काळजीच लागून राहिली होती. शेतावरून ते हल्ली लवकर यायला लागले होते. पाय धुवायचे आणि झोपाळ्यावर, पाठ करून. पण पाठ रोज थोडी थोडी कमी होत होती. आठव्या दिवशी ते इतके तिरके बसले होते की मान अवघडून त्यांना रात्री तेल चोळावं लागलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो घोळ झाला.

तिने खालच्या ओळीतले दोन तुकडे उचलले. टेल्युरिअम आणि आयोडीन. टेल्युरिअमचं वजन १२७.६, आयोडीनचं १२६.९. ती म्हणाली, "आई, इथे आयोडीन हलकं, म्हणून ते आधी यायला हवं. पण आपण टेल्युरिअम आधी ठेवायचं. कारण आयोडीनचा स्वभाव क्लोरीनचा, आणि टेल्युरिअमचा गंधकाचा. मास्तरांनी वजन बाजूला ठेवलं आणि स्वभाव धरला."

ह्यांना ते सहन झालं नाही. आमची केळी आणि कापूस. माणसाचा जन्म काट्यासमोर गेला. "तिला सांग," हे जवळपास ओरडलेच, "असं चालत नाही! वजन म्हणजे वजन. आठ दिवस सांगतेय वजनाने लावा, वजनाने लावा, आणि आज एकासाठी नियम मोडला? मग तो नियम कसला? काट्यावर जे भरलं ते भरलं! मास्तर लबाड निघाले, सांग तिला!"

मी तोंड उघडलं, पण सांगायला वेळच मिळाला नाही.

"नाही बाबा, लबाड नाही!" सून उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता, हातात टेल्युरिअम, आणि हात सरळ ह्यांच्यावर रोखलेला. "ओला कापूस काट्यावर जास्त भरतो ना? म्हणून त्याचा धागा लांब होतो का? सांगा, होतो का?"

हे बघत राहिले.

"तसंच आहे हे! कणाच्या पोटात दोन गोष्टी असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. वजन दोघांचं मिळून भरतं. पण स्वभाव ठरतो प्रोटॉन किती त्याच्यावर. टेल्युरिअमकडे बावन्न, आयोडीनकडे त्रेपन्न. म्हणून टेल्युरिअम आधीच! त्याच्याकडे न्यूट्रॉन जास्त आहेत म्हणून काट्यावर तो जड भरतो, कापसातल्या पाण्यासारखा. प्रोटॉन वाढले की बहुतेक वेळा वजनही वाढतं, म्हणून वजनाने लावलेलं जुळत गेलं. जिथे जुळलं नाही तिथे मास्तरांनी स्वभावावर भरवसा ठेवला. त्यांना प्रोटॉन माहीत पण नव्हते, बाबा! तरी बरोबर ठेवलं त्यांनी!"

काय बोलली! ओटा दणाणला. हीच ती कोरीटची तोंडाळ मुलगी, वर्षभर कुठे लपून बसली होती कोण जाणे. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. तिचा चेहरा पांढरा पडला. पदर वर गेला. हे झोपाळ्यावरून उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. जेवायला उशिरा आले, खाली मान घालून जेवले आणि झोपले.

सकाळी बघते तर ओट्यावरचे सगळे तुकडे गोळा करून, रबर लावून, कपाटात ठेवलेले. सून भाकरी थापत होती. म्हणाली, "आई, मी म्हसावदला फोन करून नाही म्हणते. बाबांना मी असं बोलायला नको होतं. घरात जमलं नाही, तिथे काय जमणार?"

"घरात जमलं म्हणूनच तर हा गोंधळ झाला, बावळट!" मी म्हटलं. पण ती ऐकेना. तिचे डोळे सुजले होते.

आता माझं डोकं फिरलं. मी तशीच, हातातलं काम टाकून, शेताचा रस्ता धरला. वाटेत मनातल्या मनात ह्यांना जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे केळीत ठिबकच्या नळीपाशी उकिडवे बसले होते. मी बांधावरूनच सुरुवात केली. म्हटलं, शिकलेली पोर घरात आणली ती काय भिंतीशी बोलायला? एक शब्द बोलली तर तुमची एवढी इज्जत गेली? ती नोकरी सोडून बसली तर मी पण तुमच्याशी बोलणं सोडते, मग तुमचे निरोप पोचवायला म्हैस ठेवा!

हे ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "माले राग नही उना."

"मग उठून का गेलात?"

त्यांनी नळीतला कचरा काढला, पुन्हा नळी बसवली. मग मान वर न करता म्हणाले, "तिनं मला विचारलं ना. धागा लांब होतो का, म्हणून. मला सांगायचं होतं, नाही होत. पण तोंडातून निघेचना. सुनेशी कधी बोललोच नाही गं मी. सवयच नाही. ती उभी, मी बसलेला, ती उत्तराची वाट बघतेय. लाज वाटली म्हणून गेलो."

मी बांधावर बसले. ज्या माणसावर मी एवढं तोंडसुख घ्यायला आले, त्या माणसाचा आवाज पण हिच्यासारखाच अडकला होता. दोघांचाही. आणि मी मध्ये बसून वर्षभर त्यांना अडकू दिलं होतं.

"तिले सांग," हे म्हणाले, "वल्ला कापूसना धागा लांब नही व्हस. तिनं बरोबर सांगं."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "माझी नोकरी संपली. तुम्हीच सांगा."

पण तेवढं त्यांना जमणार नव्हतं, ते मलाही कळत होतं. संध्याकाळी त्यांनी दुसरं काहीतरी केलं. घरी आले, पाय धुतले, झोपाळ्याचा पाठ टेकायचा पाट कडीतून सोडवला, उलटा फिरवून अडकवला, आणि झोपाळ्यावर ओट्याकडे तोंड करून बसले. कपाटातला तुकड्यांचा गठ्ठा स्वतः आणून समोर ठेवला. रबर काढलं. आणि वाट बघत बसले.

मी सुनेला आतून ओढून आणली. ती दारात थबकली. ह्यांनी नजर हटवली नाही. मग ती हळूहळू खाली बसली, लिथिअमचा तुकडा उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं माझ्याकडे बघून. मग पोटॅशिअमपाशी एकदा त्यांच्याकडे बघून. जस्त आणि रिकाम्या जागा येईपर्यंत ती माझ्याकडे बघायची विसरली होती. टेल्युरिअम आल्यावर ह्यांनी मान डोलावली, जोरात, दोनदा. उरलेले सगळे दिवस असंच चाललं. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. त्यांचे प्रश्न अजून माझ्याकडून यायचे, तिची उत्तरं मात्र थेट जायची.

म्हसावदला मी तिच्याबरोबर गेले. शहाद्यापर्यंत एसटी, पुढे जीप, जीपमध्ये आम्ही दोघी आणि मध्ये कोणाची तरी कोंबड्यांची पाटी. वाटभर ती ओठ हलवत होती. शाळेत मला वर्गाबाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं. खिडकी उघडी होती. मुलं आत, मागच्या बाकांवर पाच साहेब. शिपाईबाई पाणी घेऊन निघाल्या, तशी मी उठून त्यांना थांबवलं. म्हटलं, "ताई, जरा थांबा. आत्ता आत जाऊ नका, तुमच्या पाया पडते." त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. बसल्या बिचाऱ्या माझ्याजवळ.

पाठ चांगला झाला. लिथिअम आणि पोटॅशिअमचं निम्मं करून तेवीस आले तेव्हा सगळा वर्ग ओरडला. मग मुलांना सोडलं आणि साहेबांचे प्रश्न सुरू झाले. एक म्हातारे, जाड आवाजाचे, म्हणाले, "बाई, सरळ सांगा. वजनावर गुणधर्म ठरतात की नाही ठरत? आधी हो म्हणता, मग टेल्युरिअमला नाही म्हणता."

आतून काही ऐकू येईना. मी बाकाची कड घट्ट धरली. शिपाईबाईंनीही धरली, का ते त्यांना माहीत नसताना.

आणि मग तिचा आवाज आला. व्हरांड्याच्या पार टोकापर्यंत गेला. "सर, बहुतेक वेळा ठरतात. आणि जिथे नाही ठरले, तिथेच खरं कारण लपलेलं होतं. तुम्ही कापूस लावता का, सर?"

म्हातारे म्हणाले, "लावतो की." मग काय, पुढची पंधरा मिनिटं आत नुसता कापूस आणि हशा चालला होता. मी शिपाईबाईंना म्हटलं, आता न्या पाणी.

निकाल फोनवर कळवतो म्हणाले. अर्जावर घरचा नंबर म्हणून ह्यांचा होता. आठवडा गेला, दहा दिवस गेले. सून रोज म्हणायची, नाही होणार. मी रोज तिच्यावर खेकसायची. हे फोन खिशात न ठेवता हातातच घेऊन फिरायचे, नळी बसवताना दातात धरायचे.

त्या सकाळी मी न्हाणीत होते. केसांना शिकेकाई लावलेली, डोळे मिटलेले. सून मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ओट्यावर फोन वाजला. ह्यांचा आवाज ऐकू आला, "हा... हा... बरं साहेब... हा." मग ह्यांनी मला हाक मारली. मी ओ दिली नाही, तोंडात पाणी होतं. पुन्हा हाक मारली, अधिक मोठ्याने. आता तोंड मोकळं होतं. तरी मी गप्प बसले. सून आल्यापासून दुसऱ्यांदा गप्प बसले, पण ह्या वेळी समजून उमजून.

ह्यांच्या चपला, घाईत काढायच्याही राहिलेल्या, घरातून वाजत गेल्या. स्वयंपाकघरात थांबल्या. परत फिरल्या. पुन्हा आल्या, मागच्या दारापर्यंत. न्हाणीच्या भिंतीला लागूनच ते दार आहे. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"बेटा," हे म्हणाले.

कपडे झटकण्याचा आवाज थांबला.

"बेटा, म्हसावदहून फोन उना व्हता. तुले नोकरी लागनी. सोमवारपाईन बलावनं शे."

मग ओला कपडा धप्पकन खाली पडला आणि सून म्हणाली, "बाबा, खरंच?" हे म्हणाले, "खरंच, बेटा." मग ती रडायला लागली, आणि हे तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, सोमवारपासून, सोमवारपासून, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

मी पाटावर बसून होते. आनंद एवढा झाला होता की तांब्या कुठे ठेवला तेच सापडेना. आणि तेवढ्यात मला माझे सासरे आठवले. एकोणीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढलं. शेवटच्या आजारात चमच्याने पाणी पाजलं. माणूस फार चांगला होता. पण त्यांनी मला कधी हाक मारली नाही आणि मी कधी त्यांच्याशी बोलले नाही. ते गेले तेव्हा त्यांना माझा आवाज माहीत होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. आणि इथे भिंतीपलीकडे त्याच आवाजात, कारण ह्यांचा आवाज अगदी त्यांच्या वडिलांसारखा आहे, कोणीतरी सुनेला हाक मारत होतं.

"बेटा," हे पुन्हा म्हणाले.

ती हाक माझ्यासाठी नव्हती. तरी मी न्हाणीत बसल्या बसल्या, हळूच, ओ दिली.